हवा कुठून ओढते

गुणवंतरावांनी फडक्यात धरून तिसऱ्या प्लगची वायर उपसली. अँबेसिडर आणखीच लंगडली. वायर दाबून बसवली, तर पुन्हा आधीची थरथर. चौथीचंही तेच. म्हणजे चारही प्लग आपापलं काम करत होते, आणि तरी रेस सोडली की गाडी हिवताप भरल्यासारखी हुडहुडत होती.

"उद्या हिच्यातच नवरदेव न्यायचा हाय, भाऊ," गाडीवाले नथ्थूभाऊ म्हणाले. "मांडवाच्या दारात बंद पडली तं वऱ्हाडी मलेच ढकलाले लावतीन."

गुणवंतराव हसले नाहीत. कार्बोरेटरवर वाकले.

गॅरेजला लागूनच घर. दारात त्यांची मुलगी दिव्यानी उभी होती, खांद्यावर तान्ही लेक. बाळंतपणासाठी ती आरमोरीला माहेरी आली होती. सकाळपासून ती बाबांशी बोलली नव्हती. आई बाजारात गेलेली, म्हणून बाबांच्या पाठीमागे पाळणा ठेवून, लक्ष ठेवा सांगून, ती आंघोळीला गेली होती. बाहेर आली तर पोर रडून रडून काळीनिळी, आणि बाबा पाठ करून निवांत कार्बोरेटरचा जेट पुसत बसलेले.

"पोरगी झाली म्हणून आयकू नाई येत काय?" पोरीला उचलून ती त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली होती.

त्यांनी मान खाली घातली होती. त्या गप्प राहण्याचा अर्थ तिने तिच्यापुरता लावून टाकला होता.

"पयले तं रोडवरून गाडी गेली का तुमी घरात बसून सांगत होते, इंजिनाचा कोणता वाल वाजून राह्यला ते," नथ्थूभाऊ आता मोठ्याने म्हणाले. "आज दोनदा कार्बोरेटर खोललं. म्हातारे झाले काय जी?"

"थांब नं बा, पाहून राह्यलो."

तेवढ्यात दिव्यानीला ते ऐकू आलं. इंजिनाच्या खडखडीखालून बारीक, सलग सीऽऽ, कुकर शिटीवर येण्याआधी करतो तशी. लहानपणी बाबांनीच तिला स्टुलावर उभं करून हा आवाज दाखवला होता. गाडी चोरून हवा ओढते, ते म्हणाले होते, तेव्हा अशी फुसफुसते.

ती वाट पाहत राहिली. त्यांचा कान तर आवाजापासून वीतभरावर होता.

गुणवंतरावांनी लांब पेचकस घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. टोक सरकवलं. पुन्हा सरकवलं. मग एकदा नथ्थूभाऊंकडे पाहिलं. ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटण्यात गुंतले होते. गुणवंतरावांनी पेचकसाची मूठ दातांत धरली, कानाऐवजी दातांनी थरथर टिपायला, आणि डोळे मिटले.

लेकीची पाठ थोपटणारा दिव्यानीचा हात थांबला.

आवाज कुठून येतो ते सांगावं, तर ओरडून सांगावं लागणार, नथ्थूभाऊ ऐकणार. उद्या बसस्टँडवर सगळ्यांना कळणार. ती आत गेली, तांब्या घेऊन आली.

"बाबा, पाणी घ्या," त्यांच्या अगदी समोर येऊन ती म्हणाली, आणि तांब्या कलंडू दिला. पाणी कार्बोरेटरच्या बुडाशी सांडलं.

"अवो, काय करतं!" नथ्थूभाऊ ओरडले.

पण पाण्याने फट बुजली तशी गाडी क्षणभर सुरळीत चालली. मडगार्डवर ठेवलेल्या गुणवंतरावांच्या तळव्याखाली थरथर थांबली, मग परत सुरू झाली. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

"बुडाचं पॅकिंग गेलं," ते म्हणाले. "तिथून हवा ओढते."

"याले म्हणते कान!" नथ्थूभाऊंनी गाडीवर थाप मारली. "पाण्याच्या निमित्तानं भाऊनं पकडलंच!"

गुणवंतराव पाना शोधत राहिले, समोरच पडलेला.

नवं पॅकिंग कापून बसवलं, गाडी गेली. पोर खांद्यावरच झोपली होती. बाबा पाठमोरे बसून हत्यारं पुसत होते. दिव्यानी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "चुकलं माझं. मी असं बोलाले नाई पायजे होतं."

फडकं पान्यावरून फिरत राहिलं.

ती वळसा घालून समोर आली. त्यांनी मान वर केली. त्यांची नजर तिच्या डोळ्यांवर ठरली नाही, ओठांवर येऊन थांबली. तिने ओठ उघडले.

"जेवाले चला," ती सावकाश, शब्द सुटे करत म्हणाली.