दांगोच्या दुकानाची पाटी

सेइगाई गुरुजी आयुष्यात एकदाही खोटं बोलले नव्हते, आणि त्याचा सगळ्यात जास्त ताप झाला तो त्यांच्या बायकोला, शिगेला. लग्न ठरताना तिच्या आईनं हौसेनं विचारलं होतं, "काय हो, आवडली ना मुलगी?" तर हे म्हणाले, "नाकाची रेघ जरा तिरकी गेलीये." एकतीस वर्षं झाली त्याला. शिगे विसरलेली नाही. कोण विसरेल हो?

गुरुजी कुंचल्यानं अक्षरं लिहायचे, आणि हाच खरेपणा त्या कुंचल्यातही उतरलेला. हानेकावा गावात पाटी लिहावी ती गुरुजींनीच. पण लिहिलेलं त्यांच्या मनाला पटेल तर ना! रेघ एकदा ओढली की ओढली, तिच्यावर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही, हा या विद्येचा कायदाच. त्यामुळे एक रेघ हुकली की अख्खा कागद बाद. बाद कागद चुकून बाहेर जाऊ नये म्हणून गुरुजी त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काळी रेघ मारायचे. मनाला आला तरच खाली नावाचा लाल शिक्का. शिक्का बसला की तो कागद गुरुजींचा.

गावात एक डॉक्टर होते. त्यांना दवाखान्यात लावायला ती जुनी म्हण हवी होती, 'वेळेला खोटंही उपाय.' गुरुजींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

"अहो, म्हणच तर लिहायची होती," शिगे म्हणाली.

"हात माझा आहे. त्याला सवय लागेल."



त्या वसंतात तात्सूनं पाटी सांगितली. तात्सू म्हणजे शिगेची मैत्रीण. नवरा गेल्यापासून दहा वर्षं ती पुलाच्या तोंडाशी उन्हावाऱ्यात बसून दांगो विकायची. तांदळाच्या पिठीचे गोळे काडीला टोचून, निखाऱ्यावर भाजून, वरून सोयाचा गोडसर रस. खाणाऱ्यानं बोटं चाटावीत असे. यंदा कुठे तिला देवळाच्या आवारात, साकुराच्या झाडांखाली जागा मिळाली होती. पण देवळाच्या पंचांची अट होती. झाडांखालच्या दुकानावर लेखनमंडळाच्या सभासदाच्या, म्हणजे गुरुजींसारख्याच्या, हातची पाटी हवी, आणि ती जत्रेच्या सकाळी लागलेली हवी. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. पुढचा माणूस म्हणजे भाजक्या रताळ्यांचा योसाकू. तो आत्तापासूनच येऊन पावलांनी जागा मोजून जात होता, मेला.

तात्सूला पाटीवर हवी होती आपली सगळ्यांना ठाऊक असलेली म्हण, 'फुलांपेक्षा दांगो बरे.' लोक येतात फुलं बघायला आणि जातात पोट भरून, तेव्हा याहून चांगली पाटी कुठली?

गुरुजी बसले लिहायला. एक दिवस गेला, दहा गेले, चाळीस गेले.

"अहो, झालं का?"

"'फुलं' जमली. 'दांगो' जमत नाहीत."

"तात्सूनं पाठवलेत, दोन खा. खाल्ल्याशिवाय कसे जमतील?"

"पोट भरलं की हात जड होतो."

"चित्रातल्या दांगोंनी कुणाचं पोट भरलंय आजवर?" शिगे म्हणाली, आणि दोन्ही काड्या तिथेच त्यांच्यासमोर खाल्ल्या.

बाद कागदांचा घरात ढीग झाला. शिगे कागद वाया घालवणारी बाई नव्हे. तिनं कागदी खिडक्यांची भोकं बुजवली, शेजारणींच्याही बुजवल्या. मासेवाल्याला बांगडे गुंडाळायला दिले. अख्ख्या आळीत जिकडे बघावं तिकडे 'फुलांपेक्षा दांगो बरे' आणि त्यावर काळी रेघ. योसाकू म्हणे खूश होऊन गल्लीतून दोनदा हिंडून गेला.

जत्रेला दोन दिवस उरले तेव्हा तात्सू मागच्या दारानं आली. गुरुजी नुकतेच सार्वजनिक न्हाणीघरात गेले होते.

"शिगेताई, गेनपाची सुतार म्हणतो, कागदावरचं फळीवर कोरायला पुरता एक दिवस लागतो. आज कागद मिळाला नाही तर पाटी नाही." एवढं बोलली आणि पायरीवर बसून रडायलाच लागली. "दहा वर्षं गं. दहा वर्षं त्या पुलावर धूळ खाल्ली मी."

शिगेनं ढीग उपसला. एक तरी बिनरेघेचा सापडेल म्हणून तळापर्यंत गेली. कसला सापडतोय! नवरा इतका काटेकोर की चिटोऱ्यालाही त्यानं सोडलं नव्हतं.

चुलीवर भात होता. सहाणेवर सकाळी तिनंच उगाळलेली शाई वाळत चालली होती. वाया जाणार म्हणून तिचा जीव आधीच वरखाली होत होता. तिनं तात्सूकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं, पदराला हात पुसावेत तसे किमोनोला पुसले आणि कुंचला उचलला. लोणच्याच्या बरण्यांवर ती दरवर्षी लिहायची, 'मुळा, दुसरा महिना', 'आलुबुखार, कमी मीठ.' त्याच हातानं, तेवढ्याच वेळात तिनं लिहिलं, 'फुलांपेक्षा दांगो बरे.' गुरुजींचा शिक्का घेतला आणि दाबला. 

"ताई, हे..." तात्सूचं तोंड उघडंच राहिलं.

"पळ. भात लागतोय माझा."

गुरुजी आले, ओल्या केसांनी पुन्हा बैठकीवर बसले.

"तात्सू कागद घेऊन गेली," शिगे आतूनच म्हणाली.

"कुठला कागद?"

"ज्यावर रेघ नव्हती तो."

गुरुजी पांढरेफटक पडले. आपल्या हातून रेघ मारायची राहिली? दोन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. ढीग काढून कागद मोजत बसले. शिगेला दया येत होती, पण तोंड उघडायची हिंमत होत नव्हती.

जत्रेच्या सकाळी झाडं नुसती फुलांनी लगडली होती आणि वर बघायला कुणाला सवड नव्हती, कारण सगळे तात्सूच्या दुकानापुढे जमले होते. लेखनमंडळाचे अध्यक्ष कुवाबारा पंचांची यादी हातात धरून पाटीखाली उभे होते. त्यांच्यामागे योसाकू, रताळ्यांच्या भट्टीसकट.

"सेइगाई," कुवाबारा म्हणाले, "चाळीस वर्षं तुझं अक्षर बघतोय मी. हे बघून मला भूक लागली रे! हे तूच लिहिलंस?"

गुरुजींनी मान वर केली. पाटीकडे बघितलं. मग बघतच राहिले. शिगेनं त्यांच्या मानेवरूनच ओळखलं की यांना कळलं. एकतीस वर्षं ज्या बरणीतून लोणचं काढून खाल्लं तिच्यावरचं अक्षर कळणार नाही? झालं, बुडालो. हा माणूस आता खरं बोलणार. तात्सू पुलावर, योसाकू सावलीत, आणि आपण दोघं गावाबाहेर. तिनं तात्सूचा हात घट्ट धरला.

गुरुजींनी घसा साफ केला.

"शिक्का माझाच आहे," ते म्हणाले.

"तो दिसतोय रे. लिहिलं कधी?"

गुरुजी वळले. "कधी गं?"

शिगे तात्सूचा हात न सोडता म्हणाली, "भात शिजत होता तेव्हा."

"तेव्हा," गुरुजी म्हणाले.

लोक खो खो हसले. कुवाबारांनी हसत हसत यादीवर खूण केली आणि तीन काड्या मागितल्या. योसाकूनं भट्टी उचलली. बरीच जड होती ती, पण कुणीही हात लावला नाही. तात्सूला तर दांगो भाजता भाजता डोळे पुसायलाही वेळ मिळेना.

घरी जाताना गुरुजी पुढे, शिगे चार पावलं मागे.  पुलावर आल्यावर ते थांबले.

"शिगे."

"रागवा. काय रागवायचं ते इथेच रागवून घ्या. शिक्क्याला हात लावला, चुकले. पण त्या बाईचं रडणं तुम्ही ऐकलं नव्हतं."

"'दांगो'तली ती शेवटची रेघ. कशी काढलीस?"

"कशी म्हणजे? काढली. भात करपत होता."

गुरुजी कठड्याला टेकले. "चाळीस दिवस मी तीच शोधत होतो. माझ्याहून चांगली आलीये."

शिगे हसून सोडून देणार होती. मग तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस गोड वाटावं म्हणून काही बोलत नाही. आईसमोर नाही, पंचांसमोर नाही, तिच्यासमोर तर कधीच नाही. म्हणजे हे खरं होतं. भर पुलावर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत ती हुंदके देऊन रडली, आणि तिला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

"उद्यापासून लिहायला बस," गुरुजी म्हणाले. "गेनपाची विचारत होता. न्हाणीघराला पाटी हवीये."

"आणि भात कोण लावणार?"

गुरुजींनी यावर नीट विचार केला. चाळीस दिवसांची भूक होती पोटात.

"तात्सूचं दुकान आहे की," ते म्हणाले, आणि आल्या वाटेनं परत फिरले.