रोवण्याच्या गोळ्या

एकोडीच्या गिरजाबाईच्या टोळीतली बाई रोवण्यात, धानाची रोपं लावायच्या दिवसांत, कधी घरी बसत नाही, असा तिचा लौकिक होता. शेतकरी वाफ्यातले परे, धानाची रोपं, हिरवे दिसायच्या आधीच तिच्या दारात येऊन लावणीचा गुत्ता, म्हणजे ठेका, ठरवून जात. दुसऱ्यांच्या टोळ्यांत आज ही नाही, उद्या ती नाही, असं चाले. गिरजाबाईची पात, वाकलेल्या बायांची ओळ, मात्र शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सलग असे.

याच्यामागे तिची एक तोड होती. दिवसभर वाकून, पोटरीभर चिखलात, अंगावरचं लुगडं ओलं, जवळपास आडोसा नाही. अशात पाळी आली की बाईचे हाल होत. काही घरी तर तसल्या बाईचा पाय बांधीत, धानाच्या खाचरात, पडलेला चालत नसे. पाळणा लांबवायच्या सरकारी गोळ्या गावात येत. त्यांच्या पाकिटात पांढऱ्या गोळ्या असत आणि शेवटच्या रांगेत तपकिरी, लोहाच्या. तपकिरी सुरू झाल्या की पाळी येई. गिरजाबाई बायांना सांगे, तपकिरी ठेवा बाजूला आणि दुसऱ्या पाकिटातल्या पांढऱ्या खात राहा. रोवणा आटोपेपर्यंत पाळी येत नसे. तोड लागू पडे, आणि लागू पडे म्हणूनच तिला कोणी काही विचारत नसे.

त्या वर्षी तिची सून रीना पहिल्यांदा टोळीत येणार होती. रीनाचा मुलगा आता अंगणवाडीत जायला लागला होता. गावची आशाताई, राखी, गोळ्यांची पाकिटं घेऊन अंगणात आली तेव्हा टोळीतल्या चारदोन बाया तिथेच बसल्या होत्या.

"आधी उपकेंद्रात जाऊन बीपी पाहून घ्या," राखी म्हणाली. "मंग पाकीट देईन."

"काहून वो? गोळी खाची का लगन जमवाचं?" रुखमिणी म्हणाली. ही टोळीतली सगळ्यात तोंडाळ बाई. "एवढी चौकशी तं माह्या सासऱ्यानं बी नोयती केली."

बाया हसल्या. राखीही हसली, पण विचारायचं तिने सोडलं नाही. कोणाचं अर्धं डोकं दुखतं का, दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं का, कोणाचं लेकरू अंगावर पितं का, पस्तिशीच्या पुढं कोणी बिडी ओढतं का. मग रीनाला विचारलं, "तुह्या घरी कोणाच्या पायात रक्ताची गाठ झालती का?"

रीना खाली मान घालून म्हणाली, "माही माय गेली तवा तिचा पाय सुजला होता. एकच. मंग दम लागला, अन् गेली. मी लहान होती."

राखीने हातातलं पाकीट पिशवीत परत टाकलं. "तं ही गोळी तुह्यासाठी नाही. तांबी बसवून घे. नाही तं तुह्या नवऱ्याले निरोध देते. गोळी वाईट नाही, रीना. कितीक बाया खातात अन् चांगल्या राहतात. पण कोणाले द्याची नाही, थे पाहा लागते." मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "आयका वो बाया. खाता खाता एकच पाय सुजला, छातीत कळ आली, दम लागला, डोळ्यांपुढं चमकलं, एका बाजूचा हातपाय सुन्न झाला, लुळा पडला, तं घरी बसाचं नाही. गाठ डोक्यात गेली तं लकवा मारते. तसंच दवाखान्यात जाचं."

गिरजाबाईने ते ऐकलं. राखी गेल्यावर तिने धान्याच्या कोठीमागून जुना डबा काढला. मागच्या वर्षीची उरलेली पाकिटं त्यात होती.

"हे घे. राखी कालची पोरगी हाये, तिले काय समजते."

"पण आत्याबाई, माही माय..."

"तुही माय बाळंतपणात गेली. तू का बाळंत हायस? इतक्या वर्षांत माह्या एका बाईले तं काही झालं नाही. अन् ऐन रोवण्यात तू बसशील तं लोक म्हनतीन, गिरजानं घरच्या सुनंले सावलीत ठेवलं."

रीनाने गोळी घेतली. डब्यातली बाकीची पाकिटं गिरजाबाईने बीपी पाहायला न गेलेल्या बायांना वाटून टाकली. त्यात प्रतिक्षा होती, टोळीतली सगळ्यात चपळ पोरगी. उपकेंद्रात जायला तिला वेळ नव्हता.

पहिलं पाकीट सरलं, दुसरं सुरू झालं, रोवणाही सुरू झाला. रीनाला वाकायची सवय नव्हती. सगळ्यांचे पाय दुखत, तिचेही दुखत. मग एक दिवस तिचा डावाच पाय तेवढा दुखायला लागला. दुसऱ्या दिवशी ती लंगडत बांधीत उतरली.

"जळू लागली असन," रुखमिणी म्हणाली. "नाही तं धर्मेंद्रनं रातभर पाय चेपून घेतले असतीन हिच्याकून."

सगळी पात हसली, रीना हसली नाही. दुपारी बाया मोहाच्या झाडाखाली जेवायला बसल्या. रीनाला भाकर गेली नाही. पाय लांब करून ती खोडाला टेकून बसली होती. गिरजाबाईने शिदोरीच्या पिशवीतून टोरीच्या, मोहाच्या बियांच्या, तेलाची बाटली काढली. रोवण्यात आखडलेले पाय ती मळून मोकळे करी. दुसऱ्या टोळीच्या बायासुद्धा तिच्याकडे पाय घेऊन येत.

"आण इकडं. गोळा आला असन. आत्ता काढते."

तिने दोन्ही अंगठे पोटरीत रोवले आणि खालून वर जोर लावला. रीना किंचाळली.

"रडू नोको वं, सुटते आत्ता." गिरजाबाईने पुन्हा जोर लावला.

तिसऱ्या खेपेला तिचा हात थांबला. पोटरी गरम होती, ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखी. तिने रीनाचा दुसरा पाय चाचपला. तो चिखलाने थंडगार होता. डावी पोटरी उजवीपेक्षा कितीतरी जाड होती, चामडी ताणून चकाकत होती. राखीचं बोलणं तिला शब्दन्‌शब्द आठवलं.

"आत्याबाई," रीना छातीवर हात ठेवून म्हणाली, "मले दम काहून लागून राहिला?"

रीनाचा नवरा धर्मेंद्र पलीकडच्या बांधीत ट्रॅक्टरने चिखलणी करत होता. आईची हाक ऐकून तो चिखलातून पळत आला. शेतमालकाला जीप घेऊन धुऱ्यापाशी बोलावलं. रीनाला उचलून मागे निजवलं आणि साकोलीचा दवाखाना गाठला. रस्ताभर रीना डोळे उघडे ठेवून तोंडाने श्वास घेत होती. धर्मेंद्र एकच विचारत होता, "अशी कशी झाली मा? सकाळी तं बरी होती."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि नर्सला ऑक्सिजन लावायला सांगितलं. "काही गोळ्या सुरू आहेत का हिला?"

"नाही जी," धर्मेंद्र म्हणाला. "कायच्या गोळ्या? ताप बी आला नाही तिले."

रीनाने मास्कखालून सासूकडे पाहिलं. ती सांगू शकत नव्हती. बाहेर शेतमालक उभा होता, नर्स होती, लेक होता. बोललं की गावभर होणार, आणि लेक जन्मभर तोंड पाहणार नाही, हे गिरजाबाईला कळत होतं. डॉक्टरीणबाई पुढचं विचारू लागल्या, घरात कोणाला दमा आहे का.

"गोळ्या हायेत जी," गिरजाबाई म्हणाली. "पाळण्याच्या. मीच देल्या. आशानं नाही म्हनलं होतं, तरी देल्या. हिची माय पाय सुजून, दम लागून गेली होती. अन् आत्ता मी पाय मळला. जोर लावून मळला."

धर्मेंद्र आईपासून दूर सरकून रीनाच्या उशाशी गेला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि त्याचीच गिरजाबाईला जास्त भीती वाटली. त्यांनी भराभर कागद लिहिला, सुई टोचली, भंडाऱ्याला फोन लावला. "पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली असणार. भंडाऱ्याला न्यावं लागेल. पायाला कोणी हात लावायचा नाही." रीनाला ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. गिरजाबाईही चढू लागली तर धर्मेंद्रने आतून दार ओढून घेतलं.

डॉक्टरीणबाई पायरीवर आल्या. "बाई, त्या गोळ्या आणखी कोणाला दिल्या?"

गिरजाबाई बोटांवर नावं मोजू लागली.

ती जीपमध्ये बसून परत निघाली. उपकेंद्रापाशी राखीला घेतलं. सगळं ऐकून राखी बीपीचं मशीन मांडीवर घट्ट धरून बसली. बांधीवर पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. पात चालूच होती.

"बाहेर या साऱ्या!" गिरजाबाई धुऱ्यावरून ओरडली.

"रीना कशी हाये?" रुखमिणीने विचारलं.

"भंडाऱ्याले नेली. काही सांगत नाहीत. माह्या डब्यातली गोळी ज्यानं ज्यानं खाल्ली थ्यानं बाहेर या आधी."

बाया एकमेकींकडे पाहत चिखलातून वर आल्या. राखी एकेकीच्या दंडाला पट्टा बांधू लागली. प्रतिक्षा मागे राहिली होती. हातातले परे लावून झाल्यावर ती आली.

"तुले काही होते का वं?" राखीने विचारलं.

"काही नाही. डोकं तेवढं दुखते कालपासून. डोळ्यांपुढं चांदण्या चमकतात. गिरजाबाई म्हने, उन्हानं होते."

"हो," गिरजाबाई म्हणाली. "म्हनलं होतं मी."

राखीने मशीन खाली ठेवलं. "प्रतिक्षा, दोन्ही हात समोर धर. डोळे मीट. तसेच धरून ठेव."

"हे काय नवीन?" प्रतिक्षा हसत म्हणाली. तिने डोळे मिटले आणि चिखलाने माखलेले दोन्ही हात पुढे केले. बाया गोल करून उभ्या राहिल्या. डावा हात होता तिथेच राहिला. उजवा हळूहळू खाली यायला लागला, आणि प्रतिक्षाला ते कळत नव्हतं. ती अजून हसतच होती.