फिलिप राजाची पाटी

पेरिग्यूच्या खानावळीत रेमोंने आतड्यांचं सॉसेज मुकाट्याने खाल्लं, तेव्हाच गिस्लेनला कळलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने त्या पदार्थाला कधी हात लावला नव्हता. शेजारच्या टेबलावर आला तरी हा खिडकी उघडायला सांगायचा. त्या दिवशीचे पदार्थ लांबच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिले होते. रेमोंने फळ्याकडे पाहून मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "तू घेशील तेच मला, लाडके. सुट्टीत उगाच वाद कशाला?"

आता गिस्लेन म्हणजे मुलखाची चावट बाई. तिने वाढणारीला नुसतं बोट दाखवलं, "ते तिसरं. दोन द्या."

ताटलीच्या आधी वास आला. रेमोंचा चेहरा पडला.

"वाचलं होतंस ना?" गिस्लेनने भोळेपणाने विचारलं.

"म्हणजे काय! हल्ली आवडतं मला," म्हणाला बिचारा, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर ताटली चाटूनपुसून संपवली.

मोतीबिंदू. त्याच्या आईला याच वयात झाला होता. पण हे त्याला सांगणार कोण? जन्मभर अमिआँ शहरात पोस्टमनकी केलेला माणूस. पाकीट हातात यायच्या आधी पत्ता वाचायचो, अशी फुशारकी मारत म्हातारा झालेला. मागच्या महिन्यात ती एकदाच म्हणाली होती, "डोळे दाखवून ये ना एकदा," तर साहेब दोन दिवस घुम्यासारखे बसून होते. शिवाय सुईची भीती. रक्त तपासायला गेला तरी आडवा व्हायचा, मग डोळ्यात सुई म्हटल्यावर विचारूच नका.

सुट्टीचा बेत त्याचाच होता. जुनी जुनी गावं बघत, आपली पिवळी डबडी गाडी घेऊन, रमतगमत दक्षिणेकडे उतरायचं. रमतगमत कसलं! समोरचं धड दिसत नाही म्हणून हा बैलगाडीच्या चालीने हाकत होता. एका ट्रॅक्टरवाल्याने त्यांना मागे टाकताना सहानुभूतीने टोपी काढली. सार्ला गावात गिस्लेनने चर्चच्या दारावरचं साल विचारलं, तर म्हणाला, "जुनं आहे. फारच जुनं." आणि पुढच्या गावात तर कहरच झाला. गाडी थांबवून काच खाली केली आणि चौकातल्या शिपायाला अदबीने किल्ल्याचा रस्ता विचारला. शिपाई ढिम्म. रेमोंने पुन्हा विचारलं आणि मग काच वर करत पुटपुटला, "कसली उद्धट माणसं आहेत इथली!"

शिपाई ब्राँझचा होता. महायुद्धात गेलेल्यांच्या स्मारकावरचा. गिस्लेनने रुमाल तोंडात कोंबला म्हणून बरं.

पण हसू ओसरलं की ती नकाशा उघडून बघायची. शनिवारी दुपारी रोकब्रिल गावाहून पुढे दरीचा रस्ता लागणार होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी, मध्ये कठड्याचं नाव नाही. तिथे हा स्टिअरिंगवर बसला तर दोघांचंही कल्याण.

"मी चालवू का थोडी? तुझे पाय दुखतील," तिने विचारून पाहिलं.

"तू? महापौरांच्या गुलाबांचं काय केलंस ते विसरलीस?"

झालं. तरुणपणी एकदा, एकदाच, गाडी मागे घेताना तिने महापौरांचा गुलाबाचा ताटवा भुईसपाट केला होता. तेव्हापासून किल्ली रेमोंच्या खिशात. ओढून घेतली तर रुसून बसणार, हे तिला ठाऊक होतं. त्याने आपणहून दिली तरच ती तिची.

शुक्रवारी संध्याकाळी ते रोकब्रिलला पोचले. चौक विस्तीर्ण, चारी बाजूंनी दगडी कमानी, आणि अख्ख्या चौकात एक गाडी नाही. सगळ्या गावाने गाड्या गल्लीबोळांत दाटीवाटीने कोंबलेल्या. रेमों खूश झाला.

"बघितलंस? नशीब लागतं!" आणि त्याने गाडी नेमकी एका खांबाखाली उभी केली.

खांबावर लाल अक्षरांत पाटी होती: शनिवारी पहाटेपासून बाजार. वाहने लावू नयेत.

गिस्लेनने ती वाचली. मग गोड आवाजात विचारलं, "काय लिहिलंय रे त्यावर?"

रेमोंने डोळे बारीक केले. "किल्ल्याची माहिती. वेढा पडला होता इथे."

"कोणी घातला?"

"राजाने."

"कुठल्या?"

"फिलिप," रेमोंने ठोकून दिलं. फ्रान्सच्या इतिहासात एखादा फिलिप कुठेही खपतो.

"बरं," गिस्लेन म्हणाली आणि बॅग उचलली.

सकाळी हॉटेलची खिडकी उघडली आणि तिचे डोळे विस्फारले. चौक माणसांनी फुललेला, आणि मधोमध त्यांची पिवळी गाडी. डावीकडे चीजवाली, उजवीकडे खरबुजवाला, मागे कोंबड्यांचे पिंजरे. टपावर कोणीतरी लसणाच्या माळा वाळत घातल्यासारख्या मांडल्या होत्या. दोघं धावत खाली आले.

"तुमचं का हे डबडं?" चीजवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. मादाम लाकोंब म्हणतात तिला. "माझी चाळीस वर्षांची जागा आहे ही!"

"ओढून न्या की मग," रेमों गुरगुरला.

"ओढणार कोण? गाड्या ओढतो तो हा," तिने खरबुजवाल्याकडे हनुवटी उडवली. "शनिवारी खरबुजं विकतो. आता बाजार उठेपर्यंत बसा."

तेवढ्यात गावचा पोलीस आला. "काय हो, पाटी वाचता येत नाही?"

"कुठली पाटी?"

अर्ध्या बाजाराने बोट वर केलं. "आंधळ्यालाही दिसेल एवढी!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळे खो खो हसले.

गिस्लेनला हसू आलं नाही. रेमोंचे कान लाल झाले होते. मस्करीची कुस्करी झाली, असं वाटून तिचा जीव कळवळला. आपणच केलं हे. ती पुढे होऊन काहीतरी थाप मारणार, इतक्यात तो हळूच म्हणाला, "गिस्लेन, फिलिप नाही का तो?"

"नाही रे."

"तुला काल माहीत होतं?"

"हो."

"आणि ते आतड्यांचं?"

"तेही. आणि तो शिपाई ब्राँझचा होता."

रेमोंने तिच्याकडे बघितलं. आधी रागाने, मग कसल्याशा सुटकेने. "सैतान आहेस," म्हणाला. "सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं गं. तुझा चेहरासुद्धा. पण त्या सुईची मला भयंकर भीती वाटते."

"मला त्या दरीची वाटते," गिस्लेन म्हणाली. "तुझ्याशिवाय मी काय करू, गाढवा?"

मग मादाम लाकोंबने चीजचा तुकडा कापून रेमोंच्या हातात कोंबला. "डोळ्यांचं ना? माझ्या सासूचं झालं ऑपरेशन. काही कळलंसुद्धा नाही तिला. दुसऱ्या दिवशी घरी येऊन माझ्या कपाटावरची धूळ दाखवायला लागली!"

मग काय, खरबूज कापलं गेलं, कोणीतरी वाइन ओतली, आणि पोलिसाने दंडाची वही खिशात घातली. ती सकाळ सुट्टीतली सगळ्यात मजेची ठरली. दुपारी दुकानं उठली, टपावरचा लसूण उतरला. रेमोंने खिशातून किल्ली काढली, जराशी हातात धरून ठेवली आणि मग बायकोच्या तळव्यावर ठेवली.

"मागे घेताना जपून," एवढंच म्हणाला.

गिस्लेन ऐटीत स्टिअरिंगवर बसली. गिअर टाकला. गाडी एक हिसका देऊन मागे गेली आणि धाडकन आवाज झाला.

"काय होतं गं?"

"काही नाही. फिलिप राजा."

खांब तिरका झाला होता आणि ती पाटी कोंबड्यांच्या पिसांत उताणी पडली होती. शिट्टी फुंकत पोलीस धावत आला आणि खिडकीत वाकला. "महाशय, तुम्ही शेजारीच बसला होतात! पाहिलंत ना यांनी काय केलं ते?"

रेमों ताठ बसला. मिशीवरून बोट फिरवलं.

"मी कसा पाहणार साहेब?" तो अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला. "मला मोतीबिंदू आहे."