ब्रेकवरचा पाय

"मिस्त्री, तुमचे हात फार घाण झालेत," ही म्हणाली. "तसेच आत नका येऊ हं. आमच्या ह्यांना फरशीवर डाग चालत नाहीत."

मी हातातला पाना खाली ठेवला. आमचे हे म्हणजे मीच. बायकोला विसर पडू लागला त्याला आता बरेच दिवस झाले. ती मुलीचं नाव विसरली, स्वयंपाकघराची वाट विसरली, पण कालपर्यंत मला ओळखत होती. आज सकाळपासून मी मोटरसायकल दुरुस्त करायला आलेला कोणी मिस्त्री झालो होतो. रागवावं तर कोणावर?

म्हणून मी काम चालू ठेवलं. मीटर वाचण्याच्या नोकरीत याच गाडीवरून गल्ल्या पालथ्या घातल्या. चेन ज्याच्यावर फिरते ते पुढचं दातेरी स्प्रॉकेट झिजलं की दरवेळी अंगणातच बदललं. गॅरेजवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. आज मात्र त्याचा मोठा नट सुटेना. गाडी गिअरमध्ये होती, पाना नीट बसला होता, पण जोर लावला की नटाबरोबर मागचं चाकच फिरायचं. पान्याला शिव्या घातल्या, गिअर बदलून पाहिला. अंगातला जोर गेला की डोकं कामातून गेलं, काही कळेना. इतकी वर्षं हे मी एकट्याने कसं केलं?

"ब्रेक कोण दाबणार?" ती म्हणाली.

एकट्याने कुठे? गाडीच्या पलीकडे स्टुलावर बसून ही पायाने मागचा ब्रेक दाबून धरायची, मांडीवर निवडायची भाजी घेऊन. आणि मी चारचौघांत फुशारकी मारायचो, की गाडीचं सगळं आपण एकहाती करतो.

"दाबता का तुम्ही?" बायकोला अहो-जाहो करताना जीभ अडखळली.

"दाबते की. पण काम नीट करा. आमचे हे आले की चुका काढत बसतात."

"फार तापट आहेत का?"

"आहेत थोडे," ती आवाज खाली आणून म्हणाली. "पण मनाने चांगले. तुम्ही घाबरू नका."

तिने चप्पल काढून ब्रेकवर पाय ठेवला आणि नट एका झटक्यात सुटला. चेन चढवून नवं स्प्रॉकेट बसवलं, नट आवळला.

"झालं. सोडा आता."

पाय हलला नाही.

"ह्यांनी सांगितल्याशिवाय नाही सोडायचा. चेनमध्ये बोट अडकेल म्हणतात."

मी दोनदा सांगितलं, मग विनवण्या केल्या. तिचा पाय थरथरत होता तरी ती ऐकेना. मला तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. शेवटी उठलो आणि फाटकाबाहेर गेलो. बाहेर उभा राहून काय करतोय हे माझं मलाच नीट कळत नव्हतं. चिंधीने हात पुसले, केस सारखे केले. मग कामावरून येताना वाजवायचो तशी कडी जोरात वाजवून आत आलो.

"मी आलोय गं. सोड ब्रेक."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पाय उचलला आणि पोटरी चोळत हसली.

"आलात? अहो, आत्ता इथे मिस्त्री होते. भला माणूस. चहा न घेताच गेले बिचारे."

"असू दे. पुढच्या वेळी देऊ," मी म्हणालो, आणि काळे हात पाठीमागे धरून उभा राहिलो.