हातामागचं निळं कापड

मेढ्याजवळ तेजोनाथ महाराजांच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या पडद्यावर देवळाच्या ओवरीत जयराज उभा राहिला, हसला, आणि बायाबापड्यांनी हंबरडा फोडला. फौजेतला जयराज दोन वर्षांपूर्वी बर्फाखाली गेला होता.

"बघा, आत्मा आला!" तेजोनाथ महाराज माइकवर गरजले. "सूक्ष्म देह हाय, सावली पडत न्हाई! बनुबाई, पोरगं म्हणतंय, आये, आता सुया टोचून घेऊ नगंस!"

जयराजच्या आईनं, बनुबाईनं हात जोडले. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. महाराजांच्या शब्दाखातर तिनं साताऱ्याचं डायलिसिस दोनदा चुकवलं होतं. पाय सुजले होते, धाप लागत होती.

शेजारी तिची पुतणी शिवांजली बसली होती. ती साताऱ्यात लग्नाचे व्हिडिओ करायची. जयराजचे केस कडेनं कुरतडल्यासारखे दिसत होते. कमरेवरचा हात आणि अंग यांमधल्या फटीतून ओवरीचा दगड दिसायला हवा होता, तिथं निळं कापड होतं. तिनं ते लगेच ओळखलं. ते कापड तिच्याच भावाच्या लग्नमांडवातलं होतं.

ती उठली. मोबाइलवर त्या लग्नातला जयराजचा व्हिडिओ लावून तिनं पुढच्या रांगेत दिला. तेच हसू, तोच हात.

"व्हिडिओतनं माणूस कापून काढताना त्याच्या चित्रात बारीक भोकं पडतात," ती म्हणाली. "ती कॉम्प्युटरवर बुजवतात. ह्यांनी लयच बुजवली, खरी फटबी बुजली आन् मागचा मांडव चिकटून आला. सावली न्हाई, कारण ती कुणी बनवलीच न्हाई."

"पाखंडी! तुझ्या नजरंत पाप हाय!" महाराज ओरडले.

निवृत्त सुभेदार भाऊसो उभे राहिले. "मग म्हाराज, त्या फटीत दगड दावा की."

महाराजांनी माइक खाली ठेवला आणि मागच्या दारानं गाडी गाठली.

बनुबाई मोबाइल छातीशी धरून होती. "म्हंजे त्यो आलाच न्हवता व्हय गं?"

"न्हाई, काकू. चला, दवाखान्यात जाऊ."

त्याच पावली तिला साताऱ्याला नेलं. पण फुप्फुसांत पाणी भरलं होतं. तिसऱ्या दिवशी बनुबाई गेली.

दहाव्याला जमलेल्या गावापुढं शिवांजली रडली नाही. "माझ्या काकूला फसवून मारलंय. मी तक्रार द्यायला चाललेय, ज्यांनी बघितलं त्यांनी जबाब द्या. आन् एवढंच ध्यानात ठेवा. पडद्यावर दिसलं म्हणून खरं धरू नका. कुणी केलं, कशातनं केलं, विचारा. औषध बंद करा असं कुणी म्हणालं, तर देव जरी दाखवला तरी तिथनं उठा."