वाफेत गेलेली ओळ

मी एक जुना पाट आहे. मित्रांनो, माझे लाकूड सागाचे नाही, शिसवीचे तर नाहीच नाही. मी निघालो एका खोक्यातून, समुद्र ओलांडून आलेल्या सामानाच्या खोक्यातून. माझ्या पोटावर अजून काळी अक्षरे आहेत, 'ही बाजू वर'. मला ठोकताना आजोबांनी नेमकी तीच बाजू खाली घातली. "खोकं फुटलं, आता त्याचं कोण ऐकतो?" असे म्हणून ते गालात हसले.

आजोबा गोदामात खोकी ठोकायचे. आजी तेव्हा कुणाची आजी नव्हती. परक्या देशात नुकतीच उतरलेली, कडेवर मुलगा, पाठीमागे सारे गणगोत सोडून आलेली एक बुटकी बाई होती. तिला काम हवे होते. रस्त्याच्या टोकाला, तळघरात, एक मोठी लॉण्ड्री होती. हॉटेलांच्या नि दवाखान्यांच्या चादरी तिथे डोंगराएवढ्या येत आणि पुस्तकाएवढ्या होऊन जात. पण त्या देशात सगळेच उंच माणसांच्या मापाचे. इस्त्रीचे टेबल आजीच्या छातीला लागले.

"बाई, तू इस्त्री करणार, की टेबलावर हनुवटी टेकून डुलक्या काढणार?" तिथली मुकादमीण म्हणाली. भाषा परकी होती, पण टोमणा कुठल्याही भाषेत कळतो.

आजीने त्याच रात्री आजोबांकडून मला ठोकून घेतले. दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून आली, टेबलाशी ठेवले, वर चढली आणि म्हणाली, "आता?"

मुकादमिणीने तिला पाहिले, मग वाकून मला पाहिले. "चार बोटं वाढलीस की गं! बरं, घे इस्त्री हातात."

असा मी कामाला लागलो.

मित्रांनो, ते तळघर मला अजून स्वप्नात दिसते. तिथे ऊन येत नसे, पण वाफ येई. वाफ म्हणजे आमचे आभाळ. ती छताशी ढगांसारखी तरंगे, दिव्याभोवती खळे धरी, आणि त्या धुक्यातून बायकांचे हात तेवढे दिसत. पांढऱ्या चादरीवरून सरकणारे हात, जणू दुधाच्या नदीत पोहणाऱ्या बदकांच्या माना.

आजी काम करताना गायची. छापील गाणे नव्हे ते, तिच्या ओठांवर उगवलेले. ओळी दोनच. इस्त्री पुढे जाताना पहिली ओळ, खणखणीत:

*पांढऱ्या गं चादरीला, चार कोपऱ्यांची घडी...*

आणि इस्त्री मागे ओढताना मुठीवरची कळ दाबायची असे. कळ दाबली की फुस्स! दुसरी ओळ त्या वाफेत बुडून जाई. रोज, दर चादरीला. शेजारच्या टेबलावरच्या बायकांना ती कधी ऐकू आली नाही. त्यांना आमची भाषा कळत नव्हतीच. त्यांनी आपले कानाला पडले तसे गाणे उचलले. मोडक्यातोडक्या उच्चारात पहिली ओळ म्हणायची आणि दुसऱ्या ओळीच्या जागी सगळ्यांनी मिळून "फुस्स!" मुकादमीणसुद्धा हजेरी घेताना गुणगुणे. साऱ्या तळघराने ते गाणे असेच पाठ केले.

दुसरी ओळ फक्त मला ठाऊक होती. ती कानांनी नाही, तळपायांतून यायची. ती म्हणताना आजीच्या टाचा किंचित उचलल्या जात, जणू भिंतीपलीकडचे काही पाहायचे आहे.

*मन माझं घेई बाई, पाण्यापल्याड उडी.*

पाण्यापल्याड तिची आई होती. त्या ओळीला वाफेचा आडोसा का लागे, हे मी लाकूड असून समजलो. घरी नवरा दमून येई, मुलगा नव्या शाळेत बावरलेला असे. त्यांच्यापुढे ती हसतमुख राही. मुलाने एकदा विचारलेही, "आई, गाण्याची दुसरी ओळ काय गं?"

"ती होय? ती वाफेनं नेली," म्हणत तिने त्याच्या नाकाला चिमटा काढला. झाले! विषय संपला.

दिवस पाखरांसारखे उडाले. आजोबा गेले. आजीचे केस चादरींच्या रंगाचे झाले. तिने काम सोडले, त्या निरोपाच्या दिवशी मुकादमिणीने मला स्वतःच्या हाताने पुसून तिच्या हवाली केले. "हिचं सिंहासन हिच्याबरोबर जाऊ दे," ती म्हणाली, आणि बायकांनी एका सुरात फुस्स केले.

घरी मला नवी पावले मिळाली. नातीची. इवलीशी, ओली, गुदगुल्या करणारी. ती माझ्यावर चढून बेसिनपाशी तोंड धुवी आणि आजीकडून शिकलेले गाणे म्हणे. दुसऱ्या ओळीला तोंडातले पाणी आरशावर उडवून, "फुस्स!"

"अगं माझी शहाणी, आरसा आंघोळ करतोय!" आजी हसून हसून भिंतीला टेके. पण खरी ओळ काही तिने सांगितली नाही. नातीला वाटे, गाणे एवढेच आहे.

नात उंच झाली, बापाच्या खांद्याच्याही वर गेली. माझे काम संपले. कुणी माझ्यावर कुंडी ठेवली, कुणी रद्दी. मला भेग पडली. राग नाही मित्रांनो, उंच होण्यासाठीच तर पाट असतो.

मग एका सकाळी आजी उठली नाही.

ओळखीच्या सगळ्यांनी जमून तिची आठवण काढायची असे ठरले. नात म्हणाली, "मी आजीचं गाणं म्हणणार. पण पूर्ण. सगळ्यांसमोर फुस्स कसं करू?"

तिने बापाला विचारले. "अगं, मला कुठं ठाऊक? पण उदास नसणार एवढं नक्की. आई कधी उदास झालीच नाही."

मग तिने म्हाताऱ्या मुकादमिणीला फोन लावला. मुकादमिणीने सारे ऐकून घेतले, घसा खाकरला, पहिली ओळ प्रेमाने म्हटली आणि मोठ्ठा फुस्सकारा सोडला. "एवढंच आहे पोरी. फार गोड होतं."

नात हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. म्हणाली, "रोज माझ्याजवळ होती. एकदा जरी मी नीट विचारलं असतं!"

मी तिच्या पायाशीच होतो. ओळ माझ्या रेषारेषांत भिनली होती. पण लाकडाला कान फुटतात, जीभ फुटत नाही. मी नुसता करकरलो. तिने खाली पाहिले. माझ्यावरची रद्दी काढली.

सभेच्या सकाळी आजीच्या फोटोखाली अंथरायला एक पांढरी चादर हवी होती. नातीने इस्त्री काढली आणि काय मनात आले कोण जाणे, मला टेबलाशी ठेवून वर चढली. इतकी उंच पोर, डोके दिव्याला लागले. इस्त्री पुढे गेली.

*पांढऱ्या गं चादरीला, चार कोपऱ्यांची घडी...*

इस्त्री मागे आली. कळ दाबली. फुस्स. आणि त्या वाफेत तिचे ओठ हलले. तिच्या टाचा किंचित उचलल्या.

*उंच झाले तरी आजी, तुला शोधते घडोघडी.*

ही आजीची ओळ नव्हती. पण टाचा तशाच उचलल्या होत्या, मित्रांनो. अगदी तशाच.

दारात तिचा बाप उभा होता. "सापडली का गं दुसरी ओळ?"

"नाही बाबा. ती गेली. ही माझी आहे."

बाप आत आला, चादरीचा एक कोपरा त्याने बोटाने सारखा केला. "आई कधीच रडली नसेल का गं?"

"मला काय माहीत? तुम्ही लहान होतात तेव्हा इथं. तुम्ही रडायचात?"

"माझं काय घेऊन बसलीस. जुन्या गोष्टी." तो वळला.

"थांबा ना बाबा." ती खाली उतरली. "बसा. सांगा."

आता माझ्यावर तो अवाढव्य माणूस बसला, गुडघे हनुवटीशी घेऊन, शाळेतल्या पोरासारखा. बंदरातून बोट सुटतानाचे त्याला आठवत होते. काठावर कुणीतरी हात हलवत होते, असे त्याने सुरू केले. इस्त्री अजून फुसफुसत होती. नातीने हात लांब करून तिचे बटण बंद केले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी पहिलीच ओळ मोठ्याने म्हणत असेल. तुम्हीही इस्त्री बंद करा. जवळ बसा. आणि विचारा, "पुढं काय?"