खालची दोन रबरं

“पाना कुणाच्या हातात दिला होता हो? गाढवाच्या?” रेडिएटरचा खालचा पाइप उपसत ज्योतिबा म्हणाला.

पिकअपखालच्या बादलीत गंजकं पाणी पडत होतं. गाडीचा मालक पद्मनाभ बाजूला उभा होता. त्याचं बसवनगुडीत भांड्यांचं दुकान. सकाळी होसूर रोडला गाडी तीनदा उकळली, तेव्हा गार करत करत त्याने ती बोम्मसंद्र्याला ज्योतिबाच्या गॅरेजपर्यंत आणली होती.

ज्योतिबा मूळचा निपाणीचा, साठीला आलेला. शहाण्णव साल चालू होतं; इंजिनात हात घालून त्याला चाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणाचं काम त्याला आवडलं नव्हतं. दुकानदारांना गाडी कळत नाही, कारखान्यातल्या इंजिनियरांना टाय सोडून काही कळत नाही, आणि आपल्याला मोतीबिंदू झालाय म्हणणाऱ्या डॉक्टराला तर डोळेच नाहीत, असं तो म्हणे. सगळ्यात वाईट नागराज. आठ वर्षं याच्याच हाताखाली शिकला आणि समोरच बोर्ड लावून बसला.

वरचे बोल्ट काढून ज्योतिबाने रेडिएटर उचलला आणि जमिनीवर आपटला. खालची टाकी आधीच चिरली होती.

“बघा. खाली दोन रबरं असतात. ती न घालताच बसवलाय. लोखंडावर लोखंड. हादऱ्यानं फुटणार न्हाई तर काय? त्या नागऱ्याचं काम हाय ह्ये.”

“नागराजकडे नेलीच नाही मी,” पद्मनाभ म्हणाला.

“मग कुठल्या हजामानं केलं?”

पद्मनाभने बादलीतल्या पाण्याकडे पाहिलं. “राहू दे की अण्णा. नवा बसवा.”

“नाव सांगा. उद्या जाऊन त्याच्या तोंडावर थुंकून येतो.”

“युगादीच्या, तुमच्या पाडव्याच्या, आदल्या दिवशी. तुम्हीच बसवलात.”

ज्योतिबाने रेडिएटर उलटा केला. पट्टीचं डाग देऊन सांधलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. डाग त्याच्याच हातचा होता.

“म्हाईत होतं, मग हितं कशाला आणलीसा?” त्याने खाली बघतच विचारलं.

“दुसरीकडे नेली असती तर त्यांनी विचारलं असतं, कोणी बसवलं म्हणून.”

समोर नागराजच्या गॅरेजात हातोडा वाजत होता. ज्योतिबा आत गेला. नवा रेडिएटर आणि खोक्यातली दोन नवी रबरं घेऊन आला. रबरं खाचांत बसवली. त्यांवर रेडिएटर सोडला, बोल्ट आवळले, दोन्ही पाइप चढवले, पाणी भरलं. इंजिन चालू केलं. थेंबही गळला नाही.

“सरी, झालं ना? निघू?” पद्मनाभने विचारलं.

“स्वल्प थांबा.”

इंजिन बंद करून ज्योतिबा गुडघ्यांवर बसला. हात खाली घालून त्याने डावं रबर बोटांनी चाचपलं, मग उजवं. मग पुन्हा डावं.

पद्मनाभ पाठ फिरवून रस्त्यावरच्या गाड्या बघत उभा राहिला.